बाबासाहेब फुकट वाचता येतात, मग आपली पोरं गाईडवर का?



परीक्षा तोंडावर आली की यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, कुठल्याही पुस्तकाच्या दुकानात बी.ए.चे विद्यार्थी एकच मागतात, "गाईड द्या." मी त्यांना दोष देत नाही. मी स्वतः समाजशास्त्रात एम.ए. केलं ते निम्मं गाईडवरच. मूळ पुस्तक इंग्रजीत, किंमत घरच्या कित्येक दिवसांच्या मजुरीएवढी आणि ग्रंथालयात एकच प्रत, तीही कुणाच्या तरी घरी. जातिव्यवस्थेचं प्रकरण मी पाठ केलं. त्यात बाबासाहेबांच्या वाट्याला चार ओळी आल्या होत्या.

याच विषयावर बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. तेव्हा त्यांचं वय होतं २५. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनावर, आणि सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या प्रथा ते बंधन सांभाळण्यासाठीच आल्या, हे त्यांनी त्यात मांडलं. आज हा निबंध कोलंबियाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतो. इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात आहेत.

आता कायदा बघा. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याने हयातीत प्रसिद्ध केलेलं लेखन सर्वांचं होतं. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण १९५६ चं. म्हणजे १ जानेवारी २०१७ पासून हा निबंध आणि 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' छापायला, वाटायला, भाषांतर करायला कुणाची परवानगी लागत नाही. तयार मराठी अनुवादावर मात्र त्या अनुवादकाचा हक्क असतो. म्हणून नवा, सोप्या मराठीतला अनुवाद आपणच करून सर्वांसाठी खुला करायला हवा.

यालाच मुक्त शैक्षणिक साहित्य म्हणतात. नुसतं फुकट दिसणारं नव्हे. उतरवून घेता येणारं, छापता येणारं, आपल्या भाषेत आणता येणारं. 'सगळं तर ऑनलाइन आहे, रडता कशाला?' असं विचारणाऱ्या प्राध्यापकांना हा फरक कळायला हवा. 'स्वयम्'चे अभ्यासक्रम २०१७ पासून आहेत. शिकणं फुकट, पण प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी, आणि बहुतेक व्याख्यानं इंग्रजीत. झरी-जामणीच्या कोलाम मुलीने, उमरखेडच्या तांड्यावरच्या मुलाने घरातल्या एकुलत्या मोबाईलवर, रेंज असेल तेव्हा, इंग्रजीतून समाजशास्त्र शिकायचं का? दार उघडं ठेवलं आणि पायऱ्या काढून घेतल्या, तर त्याला प्रवेश म्हणत नाहीत.

दुसरे म्हणतात, झेरॉक्स काढून वाटलं तर प्रकाशक कोर्टात खेचतील. खेचलंच होतं. ऑक्सफर्ड, केंब्रिज यांसारख्या प्रकाशकांनी २०१२ साली दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिकवण्यासाठी लागणाऱ्या प्रतींना कॉपीराइट कायद्यातली सूट लागू होते, असं ठरवलं. मग आपल्या कॉलेजांना भीती कसली? भीती नाही, आळस आहे. आणि ज्याच्या घरात आधीच पुस्तकं आहेत त्याला हा आळस परवडतो. आपल्याला परवडत नाही.

तिसरा टोमणा ठरलेला, 'पोरं वाचतच नाहीत.' तुम्ही वाचायला दिलं कधी? प्रश्नपत्रिका गाईडमधून काढायची आणि पोरांना गाईडबहाद्दर म्हणायचं, हा कुठला न्याय?

आता आपल्या घरातलंही बोलू. १४ एप्रिलला डीजेसाठी वर्गणी निघते. त्यातल्या थोड्या पैशांत या निबंधाच्या शेकडो प्रती छापून होतील. जिल्ह्यात इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली आपली मुलं-मुली काय कमी आहेत? दहा जण बसले तर दोन महिन्यांत अनुवाद तयार. विहारात मोठ्याने वाचून दाखवा. ज्या आईला वाचता येत नाही तिला कळलं, तर अनुवाद जमला समजा.

आणि मागणी अमरावती विद्यापीठाकडे. अभ्यास मंडळाने प्रत्येक घटकासमोर मोफत मिळणारा मूळ मजकूर लिहावा आणि त्याचा मराठी अनुवाद करून घ्यावा. ग्रंथालयांनी त्याच्या बांधलेल्या छापील प्रती ठेवाव्यात. जनतेच्या पैशातून पगार घेणाऱ्या प्राध्यापकांनी आपल्या नोट्स खुल्या कराव्यात. प्रश्न मूळ मजकुरावर विचारावेत. हे निवेदन घेऊन प्रत्येक तालुक्यातून कॉलेजच्या प्राचार्यांकडे जा, पोच घ्या, महिन्याने पुन्हा जा.

'शिका' हा आदेश भिंतीवर लिहून भागणार नाही. शिकायचं पुस्तक पोराच्या हातात पडलं पाहिजे, त्याच्या भाषेत.

जय भीम! जय संविधान!