विश्लेषण : गुलामगिरीला सुरुवातीच्या चर्चने विरोध का केला नाही?

‘तेव्हा काळच तसा होता’, हा नेहमीचा बचाव टिकत नाही. आजच्या तुर्कस्तानातील निस्साचे बिशप ग्रेगरी यांनी इ. स. ३८० च्या सुमारास प्रवचनातच विचारले होते : देवाच्या प्रतिमेत घडलेल्या माणसाची किंमत कोण ठरवणार? पण त्याच शतकात, त्याच प्रदेशातल्या गंग्रा धर्मसभेने गुलामांना मालकाला सोडून जायला शिकवणाऱ्यांना शापित ठरवले होते. चर्चने सोय पाहिली.

संत पौलाचे फिलेमोनला लिहिलेले पत्र तर दुधारीच. अनेसिम या गुलामाला भाऊ मानून स्वीकार, असे तो सांगतो. मुक्त कर, असे स्पष्ट म्हणत नाही. ही मोकळी जागा महागात पडली. अमेरिकेत १८५० च्या कायद्यानुसार पळालेले गुलाम मालकांच्या ताब्यात देताना समर्थक हेच पत्र पुढे करत.