आधी बल्ब बघा, मग डोळे!

सुरुवातीलाच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण हा लेख मराठीतच लिहायचा होता, कारण यातली चूक मी घरात, मावशीसमोर, शुद्ध मराठीत बडबड करत केली आहे.

विषय आहे सरड्याचे डोळे. हसू नका. परवा मेसमध्ये आमच्या टेबलावर दोघीजणी मोबाईलवर इग्वानाचे व्हिडिओ बघत होत्या. "किती गोड! भुंकत नाही, फिरवायला न्यायला नको, रेक्टर मॅडमना पत्तासुद्धा लागणार नाही." मॅडम, पत्ता लागेल. हिरवा इग्वाना शेपटीसकट दीड मीटरच्या वर जातो. पण मला सांगायचंय ते वेगळंच.

नाशिकला माझ्या मावसभावाकडे, दादाकडे, एक इग्वाना आहे. त्याचं नाव बंडू. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिथे गेले तेव्हा बंडू खिडकीजवळच्या काचेच्या पेटीत बसलेला. दादा म्हणाला, "ऊन मिळतं त्याला भरपूर." झालं! इलेक्ट्रिकल थर्ड इयरच्या मुलीसमोर असं बोलायचं असतं का? मी लगेच लेक्चर दिलं. ज्या उन्हामुळे सरड्याच्या अंगात व्हिटॅमिन डी तयार होतं ते यूव्हीबी, म्हणजे २८० ते ३१५ नॅनोमीटरचे किरण. खिडकीची साधी काच ते जवळजवळ सगळे अडवते. डी नाही तर कॅल्शियम पचत नाही, कॅल्शियम नाही तर हाडं मऊ पडतात. सगळं बरोबर होतं. व्हायवामध्ये फुल मार्क मिळाले असते.

मग मी ऑनलाइन एक कॉम्पॅक्ट यूव्हीबी बल्ब मागवला आणि स्वतः बसवला. पेटीच्या बाजूला, बंडूच्या फांदीच्या बरोबर समोर, वीतभर अंतरावर. का? तर प्लग पॉइंट तिथे जवळ होता म्हणून!

तिसऱ्या दिवशी बंडूने दोन्ही डोळे मिटले. पापण्या थोड्या सुजलेल्या. मावशी म्हणाली, "डोळे आलेत गं त्याचे." मला वर्षभरापूर्वी डोळे आले होते तेव्हाची ड्रॉप्सची बाटली माझ्या बॅगेत होतीच. दोन दिवस ती घातली. फरक शून्य. बंडूला जास्वंदीचं फूल म्हणजे जीव की प्राण. ते समोर ठेवलं की तो आवाजाच्या दिशेने मान वळवायचा, पण डोळा उघडायचा नाही आणि फूल तसंच पडून राहायचं. ते बघवत नव्हतं.

जवळच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की ते गाई-म्हशी आणि कुत्री बघतात, सरडे नाही. शेवटी सरपटणारे प्राणी बघणारे डॉक्टर पुण्यात सापडले. बंडू उशीच्या अभ्र्यात, अभ्रा खोक्यात, खोकं माझ्या मांडीवर, असा पाच तासांचा प्रवास.

डॉक्टरांनी आधी बाटली बघितली. तिच्यात स्टिरॉइड होतं. ते म्हणाले, बुबुळावर जखम असती तर स्टिरॉइडने ती भरायची थांबते आणि इन्फेक्शन आत शिरतं, डोळा जाऊ शकतो. शिवाय एकदा उघडलेली ड्रॉप्सची बाटली साधारण महिन्याभरात टाकून द्यायची असते, माणसासाठीसुद्धा. मग त्यांनी डोळ्यात एक रंग घालून निळ्या प्रकाशात बघितलं. जखम असेल तर ती जागा हिरवी चमकते. नव्हती चमकली. त्यानंतर त्यांनी तो प्रश्न विचारला जो मला कुणी विचारायला नको होता : "दिवा कुठे लावलाय?"

मी मोबाईलवर फोटो दाखवला. ते म्हणाले, "तुमच्या कॉलेजात वर्कशॉप असतं ना? शील्ड न धरता वेल्डिंगकडे बघितलं की रात्री काय होतं?"

फर्स्ट इयरला वर्कशॉप केलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. त्या वेळी काहीच वाटत नाही, आणि काही तासांनी डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतं. तेच बंडूचं झालं होतं. सूर्य डोक्यावर असतो. सरड्याच्या डोळ्यावर भुवईसारखा उंचवटा असतो, तो वरच्या उन्हाची सावली करतो. समोरून येणाऱ्या किरणांना तो काय करणार? बल्ब काढला, ड्रॉप्स बंद केले, डॉक्टरांनी दिलेलं मलम लावलं. चौथ्या दिवशी एक डोळा किलकिला झाला आणि दहा दिवसांत बंडू फूल बघून धावायला लागला.

आता माझं मत. सरड्याचा डोळा हा बहुतेक वेळा इंडिकेटर असतो. फॉल्ट पेटीत, जेवणात, पाण्यात किंवा दिव्यात असतो, आणि आपण इंडिकेटरवर औषध ओतत बसतो. सगळ्या घराचे दिवे गेले तर आपण सप्लाय बघतो, एकच गेला तर होल्डर बघतो. इथेही तसंच. दोन्ही डोळे बिघडले तर आधी प्रकाश, ओलावा आणि खाणं तपासा. एकच बिघडला तर मार, कचरा किंवा गळू असण्याची शक्यता जास्त.

बाकीच्या खुणाही सांगून ठेवते. इग्वाना दिवसा जागणारा प्राणी आहे. तो भर दुपारी डोळे मिटून बसत असेल तर त्याला "झोपाळू आहे बिचारा" म्हणू नका. डोळे खोल गेलेले दिसले तर अंगात पाणी कमी आहे. कात टाकताना तो मुद्दाम डोळे फुगवतो, ते थोड्या वेळात उतरतं आणि तो आजार नाही. पण एका बाजूला कायम कडक फुगवटा असेल तर गळू असू शकतं. सरड्याचा पू आपल्यासारखा वाहत नाही, पनीरसारखा घट्ट होतो. त्यामुळे तो नुसत्या ड्रॉप्सने जात नाही, बऱ्याचदा डॉक्टरांनाच काढावा लागतो. दाबून बघू नका. लेपर्ड गेकोसारख्या किडे खाणाऱ्यांच्या पापण्या व्हिटॅमिन ए कमी पडल्यानेही सुजतात, आणि हवा कोरडी असली तर जुनी कात पापणीखाली अडकते. पण म्हणून माणसांची व्हिटॅमिन एची कॅप्सूल फोडून घालू नका, जास्त झालं तर कातडी सोलून निघते.

मग घरी करायचं काय? साधं सलाईन, म्हणजे ०.९ टक्के मिठाचं निर्जंतुक पाणी, कोमट करून त्याने डोळा हलकेच धुवायचा. अडकलेली कात चिमट्याने ओढायची नाही, ओलाव्याने सुटू द्यायची. वाळू असेल तर काढून कागद अंथरायचा. दिवा डोक्यावर, बनवणाऱ्याने सांगितलेल्या अंतरावर. आणि एक-दोन दिवसांत डोळा उघडला नाही किंवा खाणं बंद झालं तर डॉक्टर. हात लावल्यावर साबणाने हात धुवा, सरड्यांच्या अंगावर साल्मोनेला असतो. एवढंच आपलं काम.

काहीजण म्हणतील, नेटवर सगळं मिळतं, डॉक्टर कशाला? अहो, मलाही नेटवर सगळं मिळालं होतं! नॅनोमीटरसकट मिळालं होतं. पण बंडूच्या पेटीकडे बघून "हा दिवा इथे का?" असं विचारणारं कुणी मिळालं नव्हतं.

म्हणून मेसमधल्या त्या दोघींना आणि बॉइज हॉस्टेलमधल्या हौशी मंडळींना एवढंच सांगणं आहे. आपली घोरपड किंवा झाडावरचा शॅमेलिऑन पाळणं हा वन्यजीव कायद्याने सरळ गुन्हा आहे. परदेशी इग्वानासाठी २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. पण कायद्याच्याही आधी स्वतःला एक प्रश्न विचारा : आजारी पडला तर त्याला बघणारा डॉक्टर किती तासांवर आहे? उत्तर माहीत नसेल तर आणू नका. सबमिशनच्या आठवड्यात आपण स्वतः जेवायला विसरतो, त्याच्या पेटीचा ओलावा कोण बघणार?

एवढीच हौस असेल तर आपल्या खोलीतल्या ट्यूबलाईटजवळची पाल बघा. तिला पापण्याच नाहीत, डोळ्यावर पारदर्शक खवल्याची काच आहे आणि ती जिभेने पुसते. फुकट आहे, नोंदणी लागत नाही, आणि तिचा दिवा कुठे लावायचा हे आपल्याला ठरवावं लागत नाही.

बंडू मजेत आहे. नवीन ट्यूब आता पेटीच्या वर आहे. एक्स्टेन्शन बोर्ड १५० रुपयांना मिळाला.