सुरुवात वाडीपासून

परवा सातवीतल्या भाच्यानं विचारलं, ‘‘मावशी, पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापासून सुरू होते ना?’’ मला राग आला, पण पोराचा नाही. पावसाळ्यात कोल्हापुरात नदीची बातमी रोज तिथूनच येते. 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. घरोघरी ‘किती फूट?’ आणि ‘मच्छिंद्री झाली का?’ (म्हणजे पुराचं पाणी पुलावरच्या खुणेला लागलं का) याखेरीज बोलणं नसतं. 2019 आणि 2021 चे महापूर त्यानं पाहिलेत. दारात येणारं पाणी त्याला ठाऊक आहे. ते येतं कुठून, हे आम्हीच कधी दाखवलं नाही. म्हणून ठरवलं, यंदा त्याला घेऊन अख्खी नदी पाहायची.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती या पाच नद्यांची ही पंचगंगा. प्रयाग चिखलीच्या संगमापासून तिला हे नाव मिळतं आणि नृसिंहवाडीला ती कृष्णेत मिसळते.

पण निघायचं कुठनं? यावरून घरात जुंपली. माझे वडील राधानगरीचे. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण आणि त्याचे सात स्वयंचलित दरवाजे यांच्यापुढं त्यांना दुसरं काही दिसत नाही, तेव्हा भोगावतीच खरी. नणंद गगनबावड्याकडची, जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस आमच्याकडं, म्हणून मान कुंभीचा. भाचा म्हणाला, ‘‘सरस्वती तर दिसतच नाही, तिला सोडून देऊ.’’ सासूबाई शेंगा सोलत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, ‘‘दिसत नाही म्हणून नसती व्हय? हिरीला पाणी कुठनं येतं मग?’’ सगळे गप्प झाले. तेव्हापासून ती शेंगांची परात आणि ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

आधी रस्ता बघून यावा म्हणून रविवारी भाच्याला घेऊन भोगावतीकाठी गेले, तर एका कोल्हापुरी बंधाऱ्यावर बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालायचं काम चाललेलं. पावसाळ्याआधी काढून ठेवलेले बरगे पाऊस सरला की पुन्हा खांबांच्या खाचांत एकावर एक बसवतात. एक म्हातारे आजोबा गुडघाभर पाण्यात उभे होते. दोन बरग्यांच्या फटीतून पाण्याची बारीक धार उडत होती. त्यांनी तिथं तळहात धरला, मग पिंजराची मूठ वळून अंगठ्यानं आत दाबली. धार थांबली. वरच्या अंगाला पाणी चढू लागलं, काठच्या उसाची वर्षाची सोय झाली. खालच्या अंगाला मात्र खडक उघडे पडत गेले.

भाच्यानं विचारलं, ‘‘आजोबा, मग खालच्यांना?’’

‘‘खालच्यांस्नी त्यांचा बंधारा हाय की.’’

आजोबांचं चूक नाही. पण बंधाऱ्यामागून बंधारा मोजत खाली गेलं, तर शिरोळ तालुक्यात तेरवाडचा बंधारा लागतो. तिथं उन्हाळ्यात केंदाळ दाटलेलं असतं आणि मेलेले मासे पाण्यावर तरंगल्याच्या बातम्या येतात. वरून येणारं स्वच्छ पाणी आटतं तेव्हा शहरांचं सांडपाणी तेवढं तिथल्या लोकांच्या वाट्याला उरतं. आपण खाली काय पाठवतो, हे आपल्याला बघावं लागत नाही. त्यांना रोज बघावं लागतं.

म्हणून आता बेत उलटा केलाय. नृसिंहवाडीला पाण्यात पाय बुडवून निघायचं आणि वर चढत यायचं. पोरानं आधी तेरवाड बघावं, मग आपलं गाव. प्रयागला पोचल्यावर कुठल्या फाट्यानं वळायचं ते त्यानंच ठरवावं. सासूबाईही येणार आहेत. वाटेतल्या प्रत्येक विहिरीत वाकून बघायचं, असं त्यांनी बजावलंय.