निर्मनुष्य नगरी

मोटारींच्या संगणकीय खेळांनीं मुलें बेदरकार होतात, अशी पालकांची तक्रार आम्ही वारंवार ऐकतों. म्हणून त्यांपैकीं ‘बर्नआउट पॅरडाइज’ हा खेळ आम्हीं मुद्दाम पाहिला. इंग्लंडांतील गिल्डफर्ड येथील क्रायटेरियन संस्थेनें तो २००८ सालीं काढिला. २०१८ सालीं त्याची सुधारलेली आवृत्तिहि निघाली. त्यांत पॅरडाइज सिटी नांवाची कल्पित नगरी आहे. खेळणारानें तेथें वाटेल तिकडे भरधांव सुटावें, ५० ठिकाणांहून उड्डाणें करावीं, १२० जाहिरातफलक फोडावे, प्रतिस्पर्ध्याची गाडी भिंतीवर आपटावी. पत्रा चुरगळतो, कांचा उडतात. क्षणार्धांत गाडी पुन्हां सज्ज!

परंतु नीट पाहिल्यावांचून एक गोष्ट ध्यानांत येत नाहीं. या नगरींत पादचारी नाहींत, आणि मोटारींत चालकहि दिसत नाहीं. अपघाताची मौज हवी, तर माणूस आधीं वगळावा लागतो!

तेव्हां खेळ हिरावून घेऊं नये. मुलाशेजारीं बसून ‘या गाडींत कोण आहे?’ एवढेंच विचारावें. परवान्याच्या वयास आलेल्या मुलास तर अवश्य विचारावें. आपल्या रस्त्यावर धांवणारी कोणतीहि गाडी रिकामी नसते. तींतील माणसाची घरीं कोणी तरी वाट पाहत असतें.