दगडांना लॉटरी म्हणू नका

टूर डी फ्रान्समध्ये दगडी रस्त्यांचा टप्पा जाहीर झाला की सायकलिंग बघणाऱ्यांमध्ये लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, 'याला म्हणतात रेस!' दुसरी म्हणते, 'ही कसली रेस, ही तर लॉटरी.' तुम्ही फक्त हायलाइट्स बघत असाल तर दुसरी पार्टी तुम्हाला चटकन पटेल. तीन आठवड्यांची शर्यत, त्यामागे वर्षभराची मेहनत आणि दोन दगडांच्या फटीत चाक अडकलं की सगळं पाण्यात. हा कुठला न्याय, असं वाटणारच.

तरीही माझं मत स्पष्ट आहे. असे टप्पे टूरमध्ये राहायला हवेत. ज्याला आपण सरसकट 'बॅड लक' म्हणतो, त्यातला बराच भाग आधी घेतलेल्या निर्णयांचा असतो. टायर कुठला, त्यात हवा किती, दगड सुरू होताना तुम्ही कितव्या नंबरवर आहात आणि चाक गेलंच तर मदतीला कोण आहे, हे सगळं नशीब ठरवत नाही.

आधी या दगडांविषयी थोडं. आपल्या फुटपाथवरचे पेव्हर ब्लॉक डोळ्यासमोर आणू नका, त्यांच्यापुढे ते गालिचा वाटतील. उत्तर फ्रान्स आणि बेल्जियममध्ये शेतांमधून जाणारे जुने, अरुंद रस्ते आहेत. ओबडधोबड दगड ओळीने बसवलेले, मध्ये फटी, रस्ता मधोमध फुगलेला आणि कडेला मातीचा पट्टा. ऊन असेल तर धूळ, पाऊस असेल तर चिखल. या दगडांचं माहेरघर म्हणजे १८९६ साली सुरू झालेली पॅरिस-रूबे ही एका दिवसाची शर्यत. साधारण २६० किलोमीटरचं अंतर आणि त्यातले जवळपास ५५ किलोमीटर दगडांवरून. पहिल्या महायुद्धात हा सगळा भाग उद्ध्वस्त झाला आणि १९१९ साली शर्यतीला नाव पडलं, 'उत्तरेचा नरक'. जिंकणाऱ्याला चषक म्हणून काय मिळतं? एक दगड! हे रस्ते डांबराखाली गाडले जाऊ नयेत म्हणून शर्यतीच्या चाहत्यांची एक संघटना आजही स्वतः खपून दगड बसवते.

टूर डी फ्रान्स याच रस्त्यांचे काही तुकडे अधूनमधून आपल्या मार्गात घेते. २०१०, २०१४, २०१५, २०१८ आणि २०२२ साली असे टप्पे झाले. अडचण अशी की टूर जिंकणारे बहुतेक जण घाटातले राजे असतात. अंगाने हलके, चढावर भन्नाट. दगडांवर मात्र वजनदार, ताकदवान रायडरला फायदा होतो. म्हणून ओरड होते.

आता लॉटरीवाल्यांचा आवडता पुरावा बघू. २०१४ साली आदल्या वर्षीचा विजेता ख्रिस फ्रूम ज्या दिवशी टूरमधून बाहेर पडला, तो दिवस दगडी टप्प्याचा होता. 'दगडांनी फ्रूमला संपवलं' असं अजूनही बोललं जातं. पण फ्रूम त्या दिवशी दोनदा पडला तो ओल्या डांबरी रस्त्यावर. पहिला दगड येण्याआधीच तो गाडीत बसला होता. २०१८ साली रिची पोर्टचंही तेच झालं. टप्पा सुरू होऊन जेमतेम काही किलोमीटर झाले होते, दगड खूप लांब होते. तुम्ही म्हणाल, पुढे दगड आहेत या टेन्शननेच सगळे पुढे घुसतात आणि पडतात. बरोबर आहे, त्या मुद्द्याकडे मी येणारच आहे. पण मग दोष दगडांच्या टोलावर फाडू नका.

फ्रूम बाहेर पडला त्याच दिवशी, त्याच पावसात विन्सेंझो निबालीने काय केलं ते बघा. निबालीही घाटातलाच माणूस. तो टप्प्यात तिसरा आला आणि अल्बर्टो कोन्टाडोरपेक्षा त्याने अडीच मिनिटांहून अधिक वेळ कमावला. टप्पा जिंकलेल्या लार्स बूमच्या मागे दुसरा होता याकोब फुगलसांग, म्हणजे निबालीच्याच संघातला. पुढे टूर निबालीनेच जिंकली. एकाच संघाचे दोघं सोबत, पुढच्या गटात. याला लॉटरी म्हणायचं?

आता सामानाकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. अनेक वर्षं रोड सायकलचं साधं गणित होतं : टायर बारीक आणि हवा टणक. २३ मिलिमीटरचा टायर, त्यात १०० पीएसआयपेक्षा जास्त हवा. गुळगुळीत रस्त्यावर हे ठीक वाटतं. खडबडीत रस्त्यावर मात्र टणक टायर प्रत्येक दगडावर उडतो आणि तुम्ही पेडलवर लावलेली ताकद पुढे जाण्याऐवजी सायकलला आणि तुम्हाला वर फेकण्यात जाते. मऊ टायर दगड पोटात घेतो. म्हणून आज दगडांसाठी ३० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर आणि त्यात पूर्वीच्या जवळपास निम्मी हवा, असं चित्र दिसतं.

मग हवा अजून कमी का करत नाहीत? कारण एका मर्यादेनंतर दगडाचा फटका टायर दाबून थेट रिमला बसतो. पंक्चर तरी होतं, नाहीतर रिम तरी जाते. शिवाय शर्यतीचे दोनशे किलोमीटर तर डांबरावरच असतात. म्हणजे हवा ठरवताना तुम्ही ठरवत असता, की कुठे थोडं हरायला आपण तयार आहोत. हे उत्तर दुसऱ्याच्या वहीतून उतरवताही येत नाही. ६० किलोच्या रायडरची हवा ८० किलोच्याला चालत नाही. सकाळी पाऊस आला की पुन्हा सगळा हिशेब नव्याने.

महागडं सामान घेतलं की प्रश्न सुटतो का? इतिहास तसं सांगत नाही. फ्रान्सच्या गिल्बेर द्युक्लो-लासालने १९९२ आणि १९९३ साली पुढच्या चिमट्यात सस्पेन्शन बसवून पॅरिस-रूबे जिंकली. १९९४ साली आंद्रे च्मिलनेही तसंच केलं. सलग तीन विजय! आता सगळे मोटरसायकलसारखे शॉकअॅब्सॉर्बर लावणार, असं वाटलं असेल. पण काही वर्षांत ते चिमटे जवळपास दिसेनासे झाले. वजन वाढत होतं आणि डांबरावर त्याचा उपयोग नव्हता. पुढे तेच काम बऱ्याच अंशी रुंद टायर आणि कमी हवेने केलं.

उलट उदाहरण २०१६चं. मॅथ्यू हेमन, वय ३७. शर्यतीच्या काही आठवडे आधी त्याचा हात मोडला होता आणि घरातल्या ट्रेनरवर बसून त्याने तयारी केली. त्याने दगडांसाठी बनवलेली खास आरामदायी सायकल घेतली नाही. वारा कापणारी, ताठ एअरो सायकल घेतली आणि टॉम बोनेनसारख्या चार वेळच्या विजेत्याला हरवलं. दगडांवर थोडे हाल झाले तरी चालतील, डांबरावर वेग हवा, असा तो हिशेब होता.

२०२३ साली यम्बो-विस्मा संघाने पॅरिस-रूबेसाठी आणखी पुढचं पाऊल टाकलं. चालत्या सायकलवर टायरची हवा कमी-जास्त करणारी यंत्रणा काही रायडर्सच्या चाकांत बसवली. अशा गोष्टी श्रीमंत संघांनाच परवडतात, हा आक्षेप मला मान्य आहे. तरी त्या दिवशी काय झालं बघा. याच संघाचा वाउट व्हान आर्ट ऐन मोक्याच्या क्षणी पुढे असताना पंक्चर झाला आणि शर्यत दुसऱ्याच संघाच्या मॅथ्यू व्हान डर पूलने जिंकली. पैशाने पर्याय वाढतात, पण निवड तुम्हालाच करावी लागते.

आणि कधीकधी सायकल स्वतःचीही नसते. २०१५ साली टोनी मार्टिनचं चाक शेवटच्या टप्प्यात पंक्चर झालं. संघातल्या मातेओ ट्रेन्टिनने त्याला स्वतःची सायकल दिली. मार्टिन त्या परक्या सायकलवरून पुन्हा पुढच्या गटात आला, सुटला, टप्पा जिंकला आणि पिवळी जर्सीही मिळवली. २०२२ साली योनास विंगेगार्डची सायकल बिघडली. गोंधळात त्याच्या हाती त्याच्यापेक्षा बऱ्याच उंच सहकाऱ्याची सायकल आली. पण मागे सहकारी थांबले, त्याला ओढत पुढे आणलं आणि तादेय पोगाचारच्या तुलनेत त्याचं नुकसान फक्त १३ सेकंदांचं झालं. पुढे टूर त्यानेच जिंकली.

त्याच दिवशी त्याच संघाचा प्रिमोझ रोग्लिच रस्त्यात आलेल्या गवताच्या गठ्ठ्यामुळे पडला आणि त्याचा खांदा निखळला. हे नशीबच, मी नाकारत नाही. पण तो गठ्ठा रस्त्यावर कोणी आणून ठेवलेला असतो? आयोजकांनी, वळणावर सुरक्षेसाठी. म्हणजे चर्चा करायची तर ती आयोजनाची करा. दगडाच्या पट्ट्याआधी वेग कमी होईल अशी रचना हवी. २०२४ साली पॅरिस-रूबेच्या आयोजकांनी आरेनबर्गच्या जंगलातल्या कुप्रसिद्ध पट्ट्याआधी मुद्दाम नागमोडी वळण ठेवलं होतं. त्यावर टीका झाली, पण घोळका तिथे हळू झाला. पाऊस फार असेल तर काही पट्टे गाळा, २०१४ साली नऊपैकी दोन गाळले होतेच. दगड ठेवा, धोका कमी करा. दोन्ही एकत्र जमतं.

आणि अन्यायच शोधायचा असेल तर २०२१ साली शोधा. पुरुषांची शर्यत सुरू होऊन सव्वाशे वर्षं झाल्यावर महिलांची पहिली पॅरिस-रूबे तेव्हा झाली. ब्रिटनची लिझी डाइग्नन पहिला दगडी पट्टा येताच पुढे निघाली आणि सुमारे ८० किलोमीटर एकटीने चालवून जिंकली. मागच्या चिखलात एकेक जण घसरत होती, ही मात्र पुढे, स्वतःला हवी ती ओळ पकडून. कुठल्याही टायरपेक्षा ही जागा सुरक्षित. तिने हातमोजे घातले नव्हते, हँडलवर रक्ताचे डाग होते. तिला बक्षीस मिळालं १,५३५ युरो. दुसऱ्या दिवशी पुरुषांमध्ये जिंकलेल्या सोनी कोलब्रेलीला ३०,००० युरो. दगड दोघांनाही सारखेच लागले होते.

तेव्हा पुढच्या वेळी असा टप्पा लागला की फक्त पडापडीची क्लिप बघून मत बनवू नका. दगड सुरू होण्याआधीची दहा मिनिटं बघा. कोण पुढे सरकतंय, कोणाभोवती संघ आहे, कोणाचा टायर किती रुंद आहे. मग कोण पडलं आणि कोण वाचलं, हे तुम्हाला बऱ्यापैकी आधीच कळायला लागेल.

आणि हो, तुम्ही स्वतः खड्ड्यांच्या रस्त्यावरून कॉलेजला सायकल नेत असाल, तर टायर दगडासारखा टणक होईपर्यंत पंप मारायची सवय एकदा तपासून बघा. टायरच्या बाजूला किमान आणि कमाल हवेचे आकडे छापलेले असतात. थोडी थोडी कमी करून बघा, किमानच्या खाली मात्र जाऊ नका. तुमच्या वजनाला आणि तुमच्या रस्त्याला कुठला आकडा मानवतो, ते दुसरं कोणी सांगू शकणार नाही.