मेलेले पत्ते जपणारं मंडळ

शुगर लँडच्या आमच्या मंडळाची जुनी तक्रार आहे: लोक ईमेल वाचत नाहीत. अहो, ईमेल पोचतच नाहीत! यादीत वीस वर्षांपूर्वीचे पत्ते आहेत. कुणी नोकरी बदलली, कुणी पुण्याला परतलं. बंद पत्त्यांवरून मेल परत येतात, कंटाळलेले लोक ‘स्पॅम’चं बटण दाबतात. जीमेल, याहू हे सगळं लक्षात ठेवतात आणि पाठवणाऱ्याची पत घसरते.

जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळानं वीज गेली. कुणाच्या घरी वीज आहे, हे कळवणारा मंडळाचा मेल शेजारच्या काकूंना आठवड्यानं स्पॅममध्ये सापडला. तोवर त्यांनी उकाड्यात दिवस काढले होते.

‘नावं कशी काढायची? वाईट दिसतं’ म्हणे! खरी भीती सभासदांचा आकडा घटण्याची आहे. परत आलेले पत्ते काढा. नव्या पत्त्यावर आधी खात्रीचा मेल पाठवा, त्यांनी होकार दिला तरच नाव घाला. ‘नको’ म्हणेल त्याला लगेच मोकळं करा. रोज पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांनी तक्रारी ०.३ टक्क्यांखाली ठेवाव्यात, असं जीमेल २०२४ पासून बजावतं आहे. आपण लहान म्हणून सुटलो, असं समजू नका.

मोठी यादी मिरवायला ठीक. मला काकूंपर्यंत पोचणारी हवी.