‘रिस्टोअर’चा अर्थ

शब्दकोशात ‘रिस्टोअर’ म्हणजे पूर्ववत करणे. आयफोनच्या पोथीत मात्र त्याचा पहिला अर्थ पाटी कोरी करणे असा आहे! परवा धाकट्या भावाचा फोन सुरू होता होताच अडकला, तेव्हा हा अर्थभेद चांगलाच भोवला असता. आईचे शेवटचे फोटो त्यातच होते.

“दादा, दाबू का ‘रिस्टोअर’?”

“थांब. आधी ‘अपडेट’.”

रिकव्हरी अवस्थेतला फोन जोडला की संगणक हे दोन पर्याय पुढे ठेवतो. ‘अपडेट’ आतला ऐवज न पुसता प्रणाली पुन्हा बसवू पाहते. उतरवून घ्यायला १५ मिनिटांहून अधिक वेळ लागला, तर फोन त्या अवस्थेतून आपणहून बाहेर पडतो. घाबरू नये, फाइल पुरती उतरू द्यावी आणि बटणांचा सोपस्कार पुन्हा करावा. आम्हांला ४०१३ हा त्रुटिक्रमांक दिसला. फोन आणि संगणक यांचे बोलणे मध्येच तुटले की तो येतो. केबल बदलली, आणि फोटो सुखरूप हाती आले!

तात्पर्य, मंडळी, दिवाळीच्या साफसफाईत बॅकअपही घेऊन ठेवा. तो असेल तरच ‘रिस्टोअर’ शब्दकोशाशी इमान राखते.